अपलोड केलेल्या यादीतले आकडे का बदलतात? पायथन वेब ॲपमध्ये तुमच्या फाइलचं नेमकं काय होतं?

ऑक्टोबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनमध्ये एक धक्कादायक गोष्ट समोर आली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोरोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकडेवारीत आलेच नव्हते. या रुग्णांना त्यांचा अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांना शोधण्याचं काम काही दिवस रखडलं.

यामागे हॅकर नव्हता आणि सर्व्हरही बंद पडला नव्हता. प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइल्स येत होत्या. त्यातला डेटा आपोआप एक्सेलच्या जुन्या 'एक्सएलएस' प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता. या जुन्या प्रकारात एका शीटवर जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी गळून पडल्या आणि तसं सांगणारी कुठलीही सूचना वेळेवर कोणाच्या नजरेला आली नाही.

एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणं हे काम दिसायला किरकोळ असतं. पण शिष्यवृत्तीची यादी, पगारपत्रक, सोसायटीच्या सभासदांची नोंद, परीक्षेचे गुण असं बरंच काही आज याच वाटेने एखाद्या वेबसाइटवर 'अपलोड' होतं. अशा अनेक वेबसाइट्स पायथन या भाषेत लिहिलेल्या असतात. मग फाइल निवडून बटण दाबल्यानंतर आत काय घडतं? आणि बरोबर भरलेली माहिती चुकीची कशी होते?

समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात ४०० विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीची यादी एक्सेलमध्ये तयार आहे. त्यात नाव, आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, जन्मतारीख आणि रक्कम असे सहा रकाने आहेत. ही यादी एका वेब ॲपवर चढवायची आहे.

फाइल सर्व्हरपर्यंत पोहोचते कशी?

ब्राउझर फाइल उघडून वाचत नाही. तो तिचे बाइट्स, म्हणजे कच्चे आकडे, जसेच्या तसे फॉर्मसोबत पाठवतो. वेब फॉर्ममधून फाइल पाठवण्याची ही पद्धत १९९५ साली मांडली गेली आणि आजही तीच वापरात आहे.

पलीकडे हे बाइट्स स्वीकारण्याचं काम जँगो, फ्लास्क किंवा फास्टएपीआय यांसारखी पायथनमधली फ्रेमवर्क्स करतात. फाइल लहान असेल तर ती सर्व्हरच्या मेमरीत ठेवली जाते आणि मोठी असेल तर डिस्कवर तात्पुरती लिहिली जाते. जँगोमध्ये ही मर्यादा मुळात २.५ एमबी असते. स्ट्रीमलिट या ॲप बनवण्याच्या साधनात एका फाइलसाठी २०० एमबीची मर्यादा आधीच घालून दिलेली असते. दोन्ही मर्यादा प्रोग्रामरला बदलता येतात.

इथे एक गंमत मराठी फाइलनावांच्या बाबतीत होते. फ्लास्कसोबत येणाऱ्या वर्कझॉइग या लायब्ररीत फाइलचं नाव 'सुरक्षित' करून देणारी एक सोय आहे. नावात लपवलेला घातक मार्ग काढून टाकणं हा तिचा हेतू आहे. पण ती इंग्रजी वर्णमालेबाहेरची अक्षरंही काढून टाकते. त्यामुळे फाइलचं नाव 'यादी' असं देवनागरीत असेल, तर शेवटी उरतं फक्त 'एक्सएलएसएक्स'. दोन कार्यालयांनी देवनागरी नावाच्या दोन फाइल्स चढवल्या आणि ॲपने त्या याच नावाने साठवल्या, तर दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाऊ शकते. म्हणून जाणकार प्रोग्रामर साठवताना फाइलला स्वतःचा वेगळा क्रमांक देतात आणि मूळ नाव फक्त नोंदीपुरतं ठेवतात.

सीएसव्ही आणि एक्सेल यांत फरक काय?

दोन्ही फाइल्स उघडल्यावर तक्ताच दिसतो, पण आतून त्या अगदी वेगळ्या असतात.

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर असतो. प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या किमती, एवढंच. कोणती किंमत संख्या आहे, कोणती तारीख आणि कोणती नाव, हे त्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

एक्सेलची आजची 'एक्सएलएसएक्स' फाइल म्हणजे खरं तर एक झिप फाइल असते. तिचं नाव बदलून शेवटी 'झिप' लावलं आणि ती उघडली, तर आत अनेक छोट्या एक्सएमएल फाइल्स दिसतात. या प्रकारात प्रत्येक चौकटीत संख्या आहे की मजकूर, याची नोंद असते. एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात.

पायथनमध्ये या दोन्हींचं रूपांतर बहुतेक वेळा 'पांडाज' ही लायब्ररी करते. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत काम करताना ती लिहायला सुरुवात केली. आर्थिक आकडेवारीच्या अभ्यासातल्या 'पॅनल डेटा' या शब्दांवरून तिचं नाव आलं. सर्व्हरवर आलेले बाइट्स पांडाजच्या हाती दिले की ती त्यातून एक तक्ता तयार करते. या तक्त्याला 'डेटाफ्रेम' म्हणतात. पुढची सगळी बेरीज, वर्गवारी आणि तपासणी या डेटाफ्रेमवर होते.

एक्सेल फाइल वाचताना पांडाज सांगितल्याशिवाय फक्त पहिली शीट उचलते. आपल्या उदाहरणातल्या कार्यालयाने पहिल्या शीटवर कला शाखा आणि दुसऱ्या शीटवर विज्ञान शाखा ठेवली असेल, तर विज्ञानाचे विद्यार्थी ॲपपर्यंत पोहोचणारच नाहीत. 'फाइल यशस्वीरीत्या अपलोड झाली' हा संदेश मात्र दिसेल.

खात्याच्या सुरुवातीचा शून्य कुठे जातो?

सीएसव्हीमध्ये प्रकार लिहिलेला नसल्याने पांडाजला अंदाज लावावा लागतो. एखाद्या रकान्यात सगळीकडे अंकच दिसले, तर ती तो रकाना संख्येचा मानते. हिशेबासाठी ते सोयीचंच आहे. पण बँक खात्याचा क्रमांक ही हिशेबाची संख्या नव्हे. त्याची कोणी बेरीज करत नाही. ती अंकांत लिहिलेली ओळख आहे.

खातं '००४५' असं सुरू होत असेल, तर संख्या म्हणून वाचताना पुढचे दोन शून्य निरर्थक ठरतात आणि गळून पडतात. उरलेला क्रमांक बँकेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. पैसे परत येतात आणि विद्यार्थ्याला 'खातं चुकीचं दिलं' असं ऐकावं लागतं.

मोबाइल क्रमांकाचं दुखणं वेगळं आहे. ४०० पैकी एका विद्यार्थ्याने मोबाइल दिला नाही आणि ती चौकट रिकामी राहिली, की पांडाज संपूर्ण रकाना दशांश संख्यांचा करते. कारण तिच्या नेहमीच्या पूर्णांक प्रकारात 'रिकामं' दाखवायची सोय नाही. मग उरलेल्या ३९९ क्रमांकांच्या शेवटी '.०' लागतो. हा रकाना नंतर मजकूर म्हणून साठवला, की एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेला तो क्रमांकच वाटत नाही. एका रिकाम्या चौकटीमुळे सगळ्यांचे संदेश अडकतात.

तिसरा प्रकार त्याहून विचित्र आहे. 'एनए', 'नल' असे काही ठरावीक इंग्रजी शब्द दिसले, की पांडाज ती चौकट रिकामी समजते. पण 'एनए' हा नामिबिया देशाचा अधिकृत दोन अक्षरी कोडसुद्धा आहे. त्यामुळे देशांच्या यादीतून नामिबिया गायब होणं हा पांडाज वापरणाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

५ जून की ६ मे?

भारतात ०५/०६/२००६ म्हणजे ५ जून. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, म्हणून तीच तारीख ६ मे होते. वेगळं काही सांगितलं नाही, तर पांडाज महिना आधी धरते.

२५/०६/२००६ सारखी तारीख आली तर? २५ वा महिना नसतो. पांडाजच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी त्या एका तारखेपुरता दिवस आधी धरत आणि पुढे जात. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा भारतीय पद्धतीने आणि काही अमेरिकी पद्धतीने वाचल्या जात. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने ही पद्धत बदलली. आता पहिल्या तारखेवरून एकच साचा ठरतो आणि त्यात न बसणारी तारीख आली की काम त्रुटी दाखवून थांबतं. पण यादीतल्या सगळ्याच तारखा १ ते १२ या दिवसांमधल्या असतील, तर आजही कुठलीही सूचना मिळत नाही.

एक्सेल तर तारीख आत संख्या म्हणून साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून मोजणी सुरू होते. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. चौकटीला 'तारीख' असं स्वरूप दिलेलं नसेल, तर ॲपमध्ये जन्मतारखेच्या जागी असा पाच अंकी आकडा येऊन बसतो.

एखाद्या योजनेत वयाची अट असेल, तर महिनाभराच्या या फरकाने पात्र विद्यार्थी अपात्र ठरू शकतो.

आधार क्रमांक अपलोडच्या आधीच बिघडतो?

प्रत्येक वेळी दोष पायथनचा नसतो. कधी कधी फाइल सर्व्हरवर पोहोचण्याआधीच माहिती हरवलेली असते.

साध्या चौकटीत १२ किंवा त्याहून जास्त अंक टाइप केले, की एक्सेल ते संक्षिप्त वैज्ञानिक रूपात दाखवतं. १२ अंकी आधार क्रमांक '२.३४५६८ई+११' असा काहीतरी दिसू लागतो. एक्सेल फाइलमध्ये मूळ संख्या अजून शाबूत असते. पण हीच शीट सीएसव्ही म्हणून साठवली, की पडद्यावर जे दिसतं तेच फाइलमध्ये लिहिलं जातं. पायथन ते वाचून २३४५६८०००००० असा आकडा बनवते. शेवटचे सहा अंक कायमचे गेले. जगातला कुठलाही प्रोग्राम ते परत आणू शकत नाही.

क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा असेल, तर एक्सेल फाइलमध्येच नुकसान होतं. एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच जपतं आणि पुढचे शून्य करून टाकतं.

या सवयीचा फटका विज्ञानालाही बसला आहे. मानवी जनुकांची काही लघुनावं इंग्रजी महिन्यांसारखी होती, उदाहरणार्थ 'मार्च१' आणि 'सेप्ट१'. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली आणि २०२० च्या नियमांत या अडचणीची दखल घेतली. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

मराठी नावांची प्रश्नचिन्हं का होतात?

संगणक अक्षर साठवत नाही, बाइट्स साठवतो. आज सर्वमान्य असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट.

हे बाइट्स वाचणाऱ्याने दुसरीच पद्धत गृहीत धरली, तर एका 'म'च्या जागी तीन विचित्र रोमन चिन्हं दिसतात. ही अवस्था बरी म्हणायची, कारण बाइट्स शाबूत असतात आणि योग्य पद्धतीने वाचले की नाव परत मिळतं.

खरा घात होतो तो एक्सेलमधून साध्या सीएसव्ही पर्यायाने फाइल साठवल्यावर. त्या जुन्या पद्धतीत देवनागरीला जागाच नसते. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं आणि मूळ नाव पुसलं जातं. नव्या एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे. मराठी यादीसाठी तोच निवडावा लागतो.

प्रोग्रामरकडूनही इथे एक चूक होते. यूटीएफ-८ ने फाइल वाचताना त्रुटी आली, की घाईत 'लॅटिन-१' ही पद्धत लावली जाते. तिच्यात सर्व २५६ बाइट्सना काही ना काही चिन्ह ठरलेलं असल्याने ती कधीच तक्रार करत नाही. त्रुटी थांबते, पण नावांचा कचरा डेटाबेसमध्ये जाऊन बसतो.

जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. वेब ॲपला तो फॉन्ट माहीत नसतो. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच मार्ग उरतो.

देवनागरी अंकांची गोष्ट थोडी दिलासा देणारी आहे. 'इंट' ही पायथनची मूळ आज्ञा '१२३' हे देवनागरी अंक थेट समजते. पण पांडाज सीएसव्ही वाचताना ते मजकूर म्हणून ठेवते. रक्कम '१,५०,०००' अशी स्वल्पविरामांसह लिहिली असेल, तरी तिचाही मजकूर होतो. स्वल्पविराम दुर्लक्षित करा, असं पांडाजला वेगळं सांगावं लागतं.

मग यावर उपाय काय?

वरच्या जवळपास सगळ्या घोटाळ्यांचं मूळ एकच आहे. ॲप माहितीबद्दल अंदाज लावतं आणि अंदाज चुकला तरी गप्प राहतं. त्यामुळे उपायही अंदाज काढून टाकण्याचाच आहे.

पहिली पायरी म्हणजे सगळे रकाने आधी मजकूर म्हणून वाचायचे. पांडाजमध्ये रकान्याचा प्रकार ठरवणारा 'डीटाइप' नावाचा पर्याय आहे, तिथे मजकूर असं सांगितलं की सीएसव्हीतले शून्य जागेवर राहतात. ठरावीक शब्दांना रिकामं मानण्याची सवयही एका पर्यायाने बंद करता येते.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक रकान्याला नियम लावून मगच त्याचा प्रकार बदलायचा. आधार १२ अंकी आहे का? मोबाइल दहा अंकी आहे का? तारीख दिवस-महिना-वर्ष याच साच्यात आहे का? रक्कम स्वल्पविराम काढल्यावर संख्या होते का?

तिसरी पायरी म्हणजे नियमात न बसणारी ओळ टाकून न देता ती वापरकर्त्याला दाखवायची. पांडाजमध्ये बिघडलेल्या ओळी गाळून पुढे जाण्याचा पर्याय आहे. ॲप बंद पडू नये म्हणून तो लावण्याचा मोह होतो. पण त्या गाळलेल्या ओळीत कोणाचं तरी नाव असतं. 'ओळ क्रमांक २१७, खात्यात अक्षर आलं आहे' असं सांगणारं ॲप कार्यालयातल्या माणसाला जास्त कामाचं असतं.

चौथी पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे, ती म्हणजे मोजणी. फाइलमध्ये किती ओळी होत्या, किती स्वीकारल्या, किती नाकारल्या हे तीन आकडे पडद्यावर यायलाच हवेत. पहिला आकडा बाकीच्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका नसेल, तर काम थांबायला हवं.

सुरक्षेसाठीही काही पथ्यं आहेत. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एक्सएलएसएक्स' आहे म्हणून ती एक्सेलचीच आहे, असं मानता येत नाही. झिप असल्यामुळे छोटी दिसणारी फाइल उघडल्यावर प्रचंड मोठी होऊन सर्व्हरची मेमरी खाऊ शकते. म्हणून आकाराची मर्यादा आणि आतल्या मजकुराची तपासणी, दोन्ही लागतात.

फाइल परत देताना काय काळजी घ्यावी?

बऱ्याच ॲपमध्ये तपासलेली यादी पुन्हा डाउनलोड करता येते. तिथे हाच प्रवास उलटा होतो. मराठी मजकूर असलेली सीएसव्ही देताना फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट्सची एक खूण लिहिली, तर एक्सेल ती यूटीएफ-८ म्हणून ओळखतं. पायथनमध्ये त्यासाठी 'यूटीएफ-८-सिग' हा पर्याय आहे.

शून्याने सुरू होणारी खाती सीएसव्हीत दिली, तर एक्सेल उघडतानाच शून्य खातं. अशा वेळी मजकूर म्हणून नोंदलेल्या चौकटींची एक्सेल फाइलच देणं चांगलं. शिवाय 'बरोबर' या चिन्हाने सुरू होणारा मजकूर एक्सेल सूत्र समजून चालवू पाहतं. कोणीतरी नावाच्या रकान्यात मुद्दाम असं सूत्र भरलं, तर ते यादी उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर चालू शकतं. म्हणून ॲपने असा मजकूर बाहेर देण्याआधी निकामी करायचा असतो.

यादी चढवणाऱ्याने काय करावं?

प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलेला असला, तरी तीन गोष्टी कार्यालयातल्या माणसाच्या हातात असतात. क्रमांक भरण्याआधी आधार आणि खात्याच्या रकान्यांना 'टेक्स्ट' हे स्वरूप द्यायचं. ॲप एक्सेल फाइल घेत असेल, तर उगाच सीएसव्ही करायची नाही. आणि अपलोड झाल्यावर यशाचा हिरवा संदेश पाहून खिडकी बंद करण्याआधी एकूण ओळी मोजायच्या, पहिली, मधली आणि शेवटची ओळ मूळ यादीशी ताडून बघायची.

या पडताळणीला दोन मिनिटं लागतात. ब्रिटनमध्ये पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या ओळींची अशी मोजणी रोज झाली असती, तर गळती पहिल्याच दिवशी दिसली असती. आपल्या उदाहरणातल्या यादीत ४०० नावं आहेत, तर ॲपनेही ४०० चाच हिशेब द्यायला हवा. तो ३९९ वर थांबला, तर राहिलेलं एक नाव कोणाचं, हे शोधल्याशिवाय यादी पुढे पाठवू नये.